सुवा सरोवराच्या काठी

जपानला जाऊन आलेला मराठी माणूस परतल्यावर तीन गोष्टींविषयी हटकून बोलतो. तिथल्या गाड्या सेकंदाच्या हिशेबाने सुटतात, रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही आणि शाकाहारी माणसाचे हाल कुत्रा खात नाही. ह्या तिन्ही विषयांवर मीही आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये यथाशक्ति व्याख्याने दिली आहेत. मराठीच्या प्राध्यापकाला परदेशप्रवास घडण्याचे योग तसे कमीच. तेव्हा घडलेला योग वर्षभर पुरवून वापरावा लागतो. पण ज्या एका गावासाठी मी खरा जपानात गेलो होतो, त्याच्याविषयी मात्र मी कुणापाशी चकार शब्द काढलेला नाही. आज ते गाव सांगणार आहे.

माझा मेहुणा गेली दहा वर्षे टोकियोत असतो. निशिकासाई नावाच्या भागात त्याचे बिऱ्हाड आहे. तिथे आपली माणसे इतकी, की पहिल्याच संध्याकाळी बागेत मला "कुठले तुम्ही?" असे शुद्ध मराठीत विचारले गेले. २०२४ च्या मे महिन्याच्या सुट्टीत "आता तरी या" असा त्याचा धोशा सुरू झाला आणि आम्ही उभयता निघालो. सौभाग्यवतीच्या सामानात मेतकूट, भाजणी आणि भावासाठी लोणच्याची बरणी होती. माझ्या सामानात एक चोरीची वस्तू होती. ती म्हणजे आमच्या बाबांचे घड्याळ.

हे घड्याळ माझ्यापेक्षा एक वर्षाने मोठे. १९७८ साली माझा मामा आखातातून आला, तेव्हा त्याने ते बाबांच्या हातावर बांधले. 'सिको फाइव्ह'. बाबा एस. टी.त हिशेबनीस. आमच्या आळीत तेव्हा ज्यांच्या हाती घड्याळ असे, त्यांच्या हाती बहुधा 'एच. एम. टी. जनता' असे. तीही खरे म्हणजे जपान्यांचीच शिकवण. सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगलोरला निघालेल्या कारखान्याची ती लेक. पण 'जनते'ला रोज सकाळी चावी द्यावी लागे. शेजारचे मास्तर दात घासून झाले की ओसरीवर उभे राहून करकर करीत चावी देत आणि बाबा त्यांच्याकडे अंमळ सहानुभूतीने पाहत. बाबांच्या घड्याळाला चावी नव्हतीच. ते हाताच्या हालचालीवर चाले. "आपण चाललो की ते चालतं," एवढेच त्याचे शास्त्र बाबांनी आम्हांला सांगितले होते.

'फाइव्ह' म्हणजे पाच गुण. १९६३ साली हे नाव निघाले, तेव्हा कंपनीने गिऱ्हाइकाला पाच वचने दिली होती. घड्याळ आपोआप चावी घेईल. वार आणि तारीख एकाच खिडकीत दिसतील. पाण्यापासून ते बचावेल. गुंडी चारच्या आकड्यापाशी आत दडलेली राहील. आणि केस व पट्टा टिकाऊ असतील. ह्यांतले चौथे वचन मला लहानपणी फार गूढ वाटे. बाकी साऱ्या घड्याळांची गुंडी तीनपाशी, ह्याचीच चारपाशी का? उत्तर साधे आहे. जिला रोज हात लावायचा नाही, ती मनगटाला टोचत कशाला ठेवा?

मामाने आणलेल्या ह्या घड्याळात वार दोन लिप्यांत होता, इंग्रजीत आणि अरबीत. बाबांनी हौसेने अरबी वार लावून ठेवला आणि तो जन्मभर बदलला नाही. परिणामी सोमवार ते रविवार एवढे सात शब्द बाबा अरबी लिपीत झरझर वाचीत. पुढे केव्हातरी एका दुकानदाराने "काका, आतलं मशीन काढून सेलवालं बसवून देतो, कटकट मिटेल," असे त्यांना सांगितले. त्या दिवशी बाबा घरी आले ते रागाने लाल होऊन. "माणसाचं काळीज काढून बॅटरी बसवतो म्हणाला असता तर एक वेळ ऐकून घेतलं असतं," असे म्हणून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

आणि मग २०२२ च्या पावसाळ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. घड्याळ डाव्याच हातावर होते. "उजव्या हातावर बांधू का?" म्हणून मी विचारले, तर मानेने नाही म्हणाले. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितले होते, की हात हलवायचा प्रयत्न सोडू नका, रात्री झोपेतही कधी कधी हात हलू लागतो. बाबांनी ते मनावर घेतले. पण घड्याळाचे शास्त्र त्यांनीच मला शिकवले होते. दोन दिवसांनी रात्री मी पांघरूण सारखे करायला गेलो, तर घड्याळ थांबलेले होते.

मी काय केले ते सांगतो. पट्टा हळूच सोडला, घड्याळ स्वयंपाकघरात नेले, पाच मिनिटे हलवले, वेळ लावली आणि पुन्हा त्यांच्या मनगटावर बांधले. सकाळी बाबांनी मान वळवून पाहिले. त्यांची वाचा थोडी अडखळत असे. ते म्हणाले, "बघ. चालतंय. म्हणजे रात्री हात हललाय."

त्यानंतर थांबण्याची सोयच उरली नाही. पुढचे अकरा महिने मी रोज रात्री दहा वाजता स्वयंपाकघरात उभा राहून ते घड्याळ हलवीत असे. सौभाग्यवतीला ठाऊक होते. तिने कधी विषय काढला नाही. मात्र मी आलो की ओट्यापाशी जागा करून देई. बाबा रोज सकाळी घड्याळ पाहत आणि व्यायामाला जोमाने लागत. त्यांची उमेद खोट्या नाण्यावर चालली होती आणि ते नाणे रोज रात्री मी पाडीत होतो. ह्याला पुण्य म्हणावे की पाप, ह्याचा निकाल मला आजवर लागलेला नाही.

एका मंगळवारी पहाटे बाबा गेले. मी घड्याळ काढून काचेच्या कपाटात रुमालावर ठेवले. बुधवारी दुपारी आम्ही संगम माहुलीहून, अस्थी नदीत सोडून घरी आलो. ताई कपाटापाशी गेली आणि एकदम रडू लागली. घड्याळ तीन वाजून चाळीस मिनिटांवर थांबलेले होते. खिडकीत अरबी बुधवार. "बाबांनी आपण परत येईपर्यंत वाट पाहिली रे," ती म्हणाली. कपाटाला तिने कुलूप लावले. ह्याला कुणी हात लावायचा नाही, ही बाबांची वेळ आहे, असे सर्वांना बजावले. मी मान डोलावली. सोमवारी रात्री दहाला मी ते हलवले होते आणि पूर्ण चावी मिळालेले असे घड्याळ चाळीसेक तास चालते, हा हिशेब त्या क्षणी माझ्या डोक्यात होऊन गेला होता. ती वेळ बाबांची नव्हती, माझ्या हाताची होती. पण असे हिशेब त्या दिवशी सांगायचे नसतात.

जपानला जायचे ठरले तेव्हा मेहुणा फोनवर म्हणाला, "दाजी, तुमच्या बाबांचं घड्याळ जिथं बनलं ते गाव इथून दोन-अडीच तासांवर आहे." मागच्या झाकणावरचा ६३०९ हा यंत्राचा क्रमांक मी त्याला पूर्वी कळवला होता. ते यंत्र सुवाचे. झाले! मी ताईला न विचारता कपाट उघडले आणि घड्याळ उचलले. उचलताक्षणी सेकंदकाटा चालू लागला. मी घाबरून गुंडी बाहेर ओढली. पुष्कळ घड्याळे तशी थांबतात. हे थांबेना. काटा माझ्याकडे न पाहता पुढे चालला होता. तीन चाळीस गेले, एक्केचाळीस झाले. ताईने वर्षभर जपलेली वेळ मी एका क्षणात घालवली होती. मग नाइलाजाने मी ते माझ्याच मनगटावर बांधले, आणि टोकियोच्या विमानतळावर उतरल्यावर साडेतीन तास पुढे केले.

शिंजुकूहून सुटणारी आझुसा नावाची गाडी डोंगरांतून वळणे घेत सुवा सरोवराशी येते. सरोवर समुद्रसपाटीपासून ७५९ मीटर उंच. मे महिन्यातही हवेत आपल्या महाबळेश्वरच्या माघातला गारवा. कामिसुवा स्टेशनच्या फलाटावरच गरम पाण्याच्या झऱ्याचे एक टाके आहे. गाडीतून उतरायचे, मोजे काढायचे आणि पाय सोडून बसायचे. सौभाग्यवती तिथे बसली ती उठेना. "काशीयात्रेला जाऊन आलेल्यांचे पाय धुतात, इथं गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाचे धुतात," असा तिचा अभिप्राय पडला.

ह्या खोऱ्याला जपानी लोक एके काळी 'पूर्वेकडचे स्वित्झर्लंड' म्हणत. डोंगर, सरोवर, स्वच्छ हवा आणि घड्याळे, असा चारही बाजूंनी जमलेला योग. पण त्याआधी हे रेशमाचे खोरे होते. शेजारच्या ओकायात रेशमाच्या गिरण्या होत्या आणि हिदा प्रांतातल्या गरीब पोरी नोमुगीची खिंड चालत ओलांडून इथे सूत काढायला येत. रेशीम बसले. मग १९४२ साली, ऐन युद्धात, हिसाओ यामाझाकी नावाच्या गावातल्याच एका घड्याळवाल्याने मिसो साठवायच्या एका जुन्या कोठारात घड्याळाचे भाग बनवायचा कारखाना काढला. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला गोळा; त्यांच्या सारालाच म्हणा ना तो लागतो.  कारखान्याचे नाव दाइवा कोग्यो. युद्धात टोकियोहून हलवलेले सिकोचे कामही पुढे सुवात आले आणि १९५९ साली दोन्ही मिळून 'सुवा सेकोशा' झाली. आज एप्सन म्हणून छपाईयंत्रांवर जे नाव आपण वाचतो, ते ह्याच घराण्याचे.

ह्या कोठारातून निघालेल्या माणसांनी १९६४ पासून थेट स्वित्झर्लंडच्या नूशातेल वेधशाळेच्या स्पर्धेत आपली घड्याळे धाडायला सुरुवात केली. १९६८ साली जिनीव्हाच्या स्पर्धेत सिकोच्या यांत्रिक मनगटी घड्याळांनी चौथ्यापासून दहाव्यापर्यंतचे सगळे क्रमांक घेतले. आणि गंमत पाहा, पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १९६९ रोजी, ह्याच सुवाने घडवलेले 'ॲस्ट्रॉन' हे क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ साडेचार लाख येनांना बाजारात आले. ज्या हातांनी यांत्रिक घड्याळ कळसाला नेले, त्यांनीच त्याच्या मोडीची सोय केली. बाबांना चिडवणारा तो दुकानदार म्हणजे सुवाच्याच ह्या दुसऱ्या लेकराचा भाट होता म्हणायचा.

शिमोसुवा गावात, अकिमिया ह्या जुन्या देवळापासून चार पावलांवर, घड्याळांचे एक संग्रहालय आहे. अंगणात अकराव्या शतकाच्या अखेरीस सु सुंग ह्या चिनी पंडिताने बांधलेल्या जलघटिकायंत्राची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. घरापेक्षा उंच मनोरा, आत पाण्यावर फिरणारे अवाढव्य चाक. ते पाहताना मला आपल्या लग्नातले घंगाळ आणि त्यात तरंगणारे घटिकापात्र आठवले. तळाला भोक असलेली वाटी. ती भरून बुडाली की घटिका झाली, चोवीस मिनिटांची. साठ घटिकांचा दिवस. पाणी वाहायला हवे, वाटी बुडायला हवी, म्हणजे वेळ होते. काही हलल्याशिवाय वेळ मोजता येत नाही, हे दोन्हीकडच्या शहाण्यांना ठाऊक होते.

आत एक कार्यशाळा आहे. पाहुण्यांना तिथे स्वतःच्या हाताने घड्याळ जोडू देतात. शिकवणारे गृहस्थ सत्तरीचे असावेत. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, अंगात पांढरा कोट. मेहुण्याने दुभाष्याचे काम पत्करले. मी मनगटावरचे घड्याळ काढून पुढे केले. त्यांनी ते दोन्ही हातांनी, आपण प्रसाद घेतो तसे घेतले. झाकण पाहून म्हणाले, "अनुक्रमांक आठापासून सुरू होतो, मग तीन. म्हणजे अठ्ठ्याहत्तरचा मार्च." पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा. मामाने ते मे महिन्यात आणले होते. माझ्या घरातल्या एका वस्तूची जन्मपत्रिका एका परक्या माणसाने डोळे मिचकावायच्या आत मांडून दाखवली.

मी आधी सोपा प्रश्न विचारला. हे थांबवता का येत नाही? ते हसले. "ह्यात ती सोयच ठेवली नाही. चावीचीही नाही. जितके भाग कमी, तितका बिघाड कमी आणि किंमतही कमी. रोज वापरणाऱ्या माणसासाठी ते आहे. त्याला थांबवण्याशी काय काम?"

मग त्यांनी खणातून शिकवण्यासाठी ठेवलेले उघडे यंत्र काढले. मागच्या बाजूला अर्ध्या भाकरीसारखे एक जड पाते मध्यावर फिरते. हात हलला, की ते वजनाने इकडून तिकडे घरंगळते. पण माणसाचा हात कधी उजवीकडे, कधी डावीकडे हलणार आणि कमान तर एकाच दिशेने गुंडाळायची. ही अडचण ह्या लोकांनी १९५९ साली एका चिमुकल्या तरफेने सोडवली. तिला त्यांनी नाव दिले 'मॅजिक लिव्हर', जादूची तरफ. केंद्रापासून जरा बाजूला बसवलेल्या एका खुंटीवर ती अडकवलेली असते. तिला दोन बाहू, आकार चिमट्यासारखा. मध्ये दातेरी चाक. पाते एका बाजूला फिरले, की एक बाहू चाकाचा दाता ओढतो. दुसऱ्या बाजूला फिरले, की दुसरा बाहू दाता ढकलतो. चाक मात्र दोन्ही वेळा एकाच दिशेने सरकते. विहिरीवरच्या मोटेचा बैल पुढे जाताना पाणी काढतो आणि मागे येताना रिकामा येतो. इथे मागे येणेही फुकट जात नाही.

पुढचे काम कमानीचे. ती उलगडू पाहते, चाके फिरू पाहतात आणि त्यांना आवरून धरणारे तोलचक्र तासाला २१,६०० ठोके देते, सेकंदाला सहा. दिवसाचे पाच लाख अठरा हजार चारशे. चक्रांच्या आसांखाली सतरा खडे, घर्षण कमी व्हावे म्हणून. बाबांच्या तबकडीवरचे 'सतरा ज्वेल' हे दागिने नसून बिचारे बेअरिंग आहेत, हे मला तिथे कळले.

आता मी ज्यासाठी गेलो होतो तो प्रश्न विचारला. मेहुण्याला तो जपानीत मांडताना जरा वेळ लागला. त्याला कारण ठाऊक नव्हते. "हात किती हलला, तर ह्याला पुरतो?"

गृहस्थांनी आकडा सांगितला नाही. त्यांनी ते उघडे यंत्र माझ्या तळहातावर ठेवले, भिंग माझ्या डोळ्याला लावले आणि माझे मनगट धरून किंचित कलते केले. पाते सरकले. दातेरी चाक एक दाता पुढे गेले. मग उलटे कलते केले. आणखी एक दाता. इतके थोडे, की झोपेतल्या माणसाने कूस बदलताना कुरबूर करावी तेवढेच. मी किती वेळ पाहत होतो कोण जाणे. शेवटी सौभाग्यवतीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिला प्रश्न कळला होता.

तेवढ्या हालचालीवर घड्याळ दिवसभर चालत नाही, हे मला समजते. अकरा महिने ते चालले ते माझ्या हलवण्याने. पण त्यांतल्या एखाद्या रात्री, एखादा दाता, बाबांच्या हाताने सरकला नसेलच असे मला आता छातीठोकपणे म्हणता येत नाही. शेजारची कमान दोघांचे दाते वेगळे मोजत नाही.

संध्याकाळी सरोवराकाठी बसलो असताना मेहुण्याने आणखी एक गोष्ट सांगितली. कडाक्याच्या हिवाळ्यात हे सरोवर गोठते आणि बर्फाला तडा जाऊन काठापासून काठापर्यंत बर्फाची वरंब्यासारखी रांग उभी राहते. लोक म्हणतात, वरच्या देवळातला देव पलीकडच्या आपल्या देवीला भेटायला गेला, ती ही वाट. ओमिवातारी तिचे नाव. ह्या वाटेची नोंद १४४३ पासून चालू आहे. आज ती यात्सुरुगी देवळाचे पुजारी ठेवतात. अलीकडे हिवाळे उबदार झाले. २०१८ नंतर, आम्ही गेलो त्या वर्षापर्यंत, ती वाट एकदाही उमटली नव्हती. पण पुजारी दर हिवाळ्यात पहाटे काठावर जातात, पाहतात, आणि बर्फ धरला नाही तर तसे लिहितात: 'उघडा समुद्र'. देव गेल्याचे खोटे कुणी लिहीत नाही, आणि देव गेला नाही म्हणून वही कुणी बंदही करीत नाही.

मला त्या पुजाऱ्यांची लाज वाटली. माझ्या घरची वही मी अकरा महिने खोटी लिहिली आणि नंतर ताईपुढे गप्प बसून तिच्यावर सहीही केली.

घड्याळ आता माझ्या हातावर आहे. दिवसाला ते मिनिटभर पुढे जाते. स्वच्छ करून तेल घालायला हवे, पण यंत्र ठणठणीत आहे असे त्या वृद्धाने सांगितले होते. वार अरबीतच ठेवला आहे. मीही आता सातही वाचू लागलो आहे. तासाला वर्गात फळ्यावर लिहिताना घड्याळ खळ्कन मनगटावर सरकते आणि मला ठाऊक असते, की कुठेतरी एक दाता पुढे गेला.

कपाटातला रुमाल मात्र रिकामा आहे. ताई सुट्टीत आली नाही, म्हणून तिला अजून कळलेले नाही. भाऊबीजेला ती ठाण्याहून येईल. ओवाळताना माझा हात तिच्यासमोर असणार, आणि तो बाहीत लपवायचा नाही असे मी ठरवले आहे. ती वेळ बाबांची नव्हती, हे तिला सांगायचे आहे, आणि दात्याचेही. कोणते आधी सांगायचे ते ठरत नाही. ताई दिवाळी अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. हा तिच्या हाती माझ्याआधी पडला, तर प्रश्न सुटला. मग तिने फक्त ओवाळावे, आणि रागावायचेच असेल तर करंज्या खाऊन झाल्यावर रागवावे.